पावसाळा लागला की लँडलाईन खरखरते? आधी भिंतीवरचा जोड बघा

मृग लागतो, पहिल्या दोन-चार सरी पडतात आणि फोनवर खरखर सुरू होते. आषाढात फोन डेडच होतो. तक्रार नोंदवली की लाईनमन येतो, तारेचं टोक कापतो, नव्याने पीळ देतो, वर काळी टेप गुंडाळतो. थोडे दिवस आवाज स्वच्छ येतो, मग पुन्हा तेच. गणपती आटोपून उन्हं पडायला लागली की दुखणं आपोआप बरं होतं आणि पुढच्या जूनपर्यंत कुणाला त्याची आठवण राहत नाही.

दर वर्षी हेच होत असेल, तर त्याचं कारण बहुतेक वेळा खांबापासून घरात येणाऱ्या ड्रॉप वायरच्या शेवटच्या काही फुटांत सापडतं. वायर भिंतीवर उतरते, रोझेटमध्ये, म्हणजे टेलिफोनच्या स्क्रूंच्या छोट्या डबीत, किंवा एखाद्या जोडपेटीत घरातल्या वायरीला जोडली जाते, आणि तो जोड चार महिने झड खातो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. छपराच्या भरवशावर ठेवलेली पेटी त्यात टिकत नाही.

मला यात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. पेटी चहूबाजूंनी बंद करून पाणी अडवायचा नाद सोडा. पाणी पेटीत येणार असंच धरून चाला, त्याला निथळून जायला वाट ठेवा, आणि वॉटरप्रूफ करायचा तो जोड करा. पेटीवर कितीही खर्च केला आणि आतला जोड उघडा राहिला, तर पुढच्या पावसात तक्रार ठरलेली.

आवाज कसला आहे ते आधी ऐका

दोष शोधायला पहिलं साधन म्हणजे कान. तारवाला साधा फोन घ्या. कॉर्डलेस नको, कारण त्याच्या अ‍ॅडॉप्टरची घुरघुर लाईनच्या आवाजात मिसळते. रिसीव्हर उचला, एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल. मग जे काही सेकंद शांत मिळतात त्यात ऐका.

पाऊस पडताना तडतड, भाजल्यासारखा आवाज येत असेल आणि ऊन पडल्यावर जात असेल, तर दोन तारांच्या मध्ये पाणी आहे किंवा जोड गंजलाय. एकसारखी घूंऽऽ अशी गुणगुण असेल तर एका तारेतून जमिनीकडे विजेची गळती आहे. टेलिफोनच्या दोन्ही तारा विजेच्या लाईनजवळून येताना ५० हर्ट्झची गुणगुण सारखीच उचलतात, त्यामुळे ती एकमेकींतून वजा होऊन जाते. एका तारेची अवस्था बिघडली की हा तोल जातो आणि गुणगुण कानावर येते.

घंटी एकदाच वाजून गप्प होते, रिसीव्हर कुणी उचललेला नसतो, आणि पलीकडच्याला वाटतं फोन उचलून ठेवून दिला. हेही ओल्या जोडाचंच लक्षण. गळती इतकी वाढते की घंटी वाजताना एक्स्चेंजला वाटतं रिसीव्हर उचलला गेला. ती आणखी वाढली तर फोन न वापरताही लाईन कायम एंगेज लागते.

ज्यांच्याकडे त्याच तारेवर ब्रॉडबँड आहे त्यांना एक वेगळी खूण दिसेल. फोन वाजला की इंटरनेट तुटतं, किंवा आधीच रडतखडत चाललेलं इंटरनेट एखादा फोन येऊन गेल्यावर काही तास सुरळीत चालतं. दोन्ही वेळा जोडात गंजाचा थर आहे. घंटीचा दाब ७५ व्होल्टच्या आसपास असतो, तो त्या थराला तात्पुरती वाट पाडतो. थर पुन्हा जमला की दुखणं परत येतं. मॉडेमच्या सेटिंगच्या पानावर एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नल किती उरतो तो आकडा, दिसतं, ते कोरड्या दिवशी लिहून ठेवा आणि पावसात पुन्हा बघा. ६ डेसिबलच्या खाली उतरलं की लाईन वारंवार तुटायला लागते. अटेन्युएशन, म्हणजे तारेतून येताना सिग्नल किती क्षीण होतो तो आकडा, तेवढंच राहून मार्जिन घसरलं असेल, तर अंतर वाढलेलं नाही, गोंगाट वाढलाय.

क्वचित उलटंही होतं. पावसात फोन बरा चालतो आणि कडक उन्हात डेड. तेव्हा तार आतून तुटलेली असते आणि ओलाव्यावर कशीबशी जोडलेली राहते. अशा वेळी जोड उघडण्याआधी तारेवरून बोटं फिरवून पाहा, तुटलेल्या जागी ती लुळी लागते.

दोष घराचा की लाईनचा

रोझेट उघडा, घराच्या आत जाणाऱ्या तारा सोडवा आणि बाहेरून येणाऱ्या जोडीला थेट साधा फोन लावा. आवाज स्वच्छ आला तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये आहे. खरखर तशीच राहिली तर दोष रोझेटच्या बाहेर.

हे काम पावसात आणि ओल्या अंगणात उघड्या पायांनी करू नका. लाईनवर एरवी ४८ व्होल्ट डीसी असतं. कोरड्या हाताला ते सहसा कळत नाही, पण ओल्या हाताला झिणझिण्या येतात, आणि त्याच क्षणी फोन आला तर घंटीचा झटका चांगलाच बसतो. काम करेपर्यंत घरातल्या फोनचा रिसीव्हर उचलून ठेवा, मग घंटी येत नाही. पण जोड सोडवला की घरातला फोन लाईनपासून तुटतो आणि हे संरक्षण संपतं. म्हणून एका वेळी एकच तार हातात घ्या, तिचं टोक झाका, मग दुसरी.

वादळानंतर तर आधी मल्टिमीटर एसीवर लावून प्रत्येक तार आणि घराचं अर्थिंग यांच्यातला दाब बघा. फांदी पडून विजेची तार टेलिफोनच्या तारेवर टेकलेली असू शकते. घंटी वाजत नसतानाही मीटर एसी दाखवत असेल तर कशालाही हात न लावता वीज कंपनीला कळवा. आणि ढग गडगडत असताना हे काम अजिबात नको, मग तो वळवाचा पाऊस असो की परतीचा.

हातात मीटर आहेच तर डीसीवर दोन तारांमधला दाब मोजा. रिसीव्हर खाली असताना ४८ ते ५२ व्होल्टच्या दरम्यान यायला हवा, उचलल्यावर साधारण ६ ते १२. हाच आकडा पावसाळी दिवशी, घरात कोरड्या जागी उभं राहून पुन्हा घ्या. एक्स्चेंजपासून घरापर्यंतचा सगळा रोध हजार ओहम धरला आणि जोडात दहा हजार ओहमची गळती असली, तर दाब चार-साडेचार व्होल्टने उतरतो. म्हणजे पावसात आकडा दोन-चार व्होल्टने जरी खाली आला तरी गळती लहान नाही. ओहमच्या रेंजवर मीटर चालू लाईनला लावू नका. आकडा खोटा येईल आणि मीटरही जायचा. ती रेंज लाईनपासून पूर्ण सोडवलेल्या घरच्या वायरीसाठी ठेवा. तिथे सगळे फोन काढल्यावर दोन तारांमध्ये काहीच जोड दिसता कामा नये.

कोरड्या दिवसांत दोष शोधायचा असेल तर झारी घ्या. एकाने फोन कानाला लावून बसायचं, दुसऱ्याने बाहेर पाणी घालायचं. सुरुवात सर्वांत खालच्या जागेपासून करायची आणि हळूहळू वर जायचं: आधी भिंतीतलं भोक, मग पेटीचा तळ, मग पेटीचं झाकण, शेवटी वर आकड्याला बांधलेली ड्रॉप वायर. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं थांबायचं. वरून सुरू केलंत तर पाणी ओघळून सगळंच भिजतं आणि काही कळत नाही.

पाणी येतं कुठून

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. पाणी झाकणाच्या फटीतून येतं असं सगळे धरून चालतात. ते येतंच, पण त्याला आणखी तीन वाटा असतात.

पहिली वाट तारेच्या अंगावरून. ड्रॉप वायर छपराच्या आकड्यापासून उतरत थेट पेटीच्या वरच्या भोकात शिरते. पागोळीचं पाणी तारेला धरून ओघळतं आणि सरळ स्क्रूवर पोचतं. यावर इलाज फुकट आहे. तार पेटीच्या खाली वीतभर उतरवायची, वळसा द्यायचा आणि खालून वर पेटीत घ्यायची. पाणी वळशाच्या तळाशी जमून तिथेच टपकतं. पेटीच्या वरच्या आणि बाजूच्या भोकांतून एकही तार आत जाऊ नये. भिंतीतून आत जाणारं भोकही आतून बाहेर उतरतं असावं. ड्रिल मारतानाच कोन ठेवला तर काम होतं.

दुसरी वाट तारेच्या पोटातून, आणि ही दिसत नाही. आमच्या वाडीतल्या एका काकूंचा फोन दर पावसात असाच एकदा वाजून गप्प व्हायचा. मुलगा पुण्याला, त्याचा फोन यायचा आणि त्यांना उचलायला मिळायचाच नाही. "अरे, वाजतो नि मरतो," एवढंच त्या सांगायच्या. पेटी नवी बसवली होती, वळसा होता, झाकणाला रबर होतं. उघडली तर झाकण आतून कोरडं आणि तरी एका स्क्रूखाली पाण्याचा थेंब. पुसला, थोड्या वेळाने पुन्हा जमला. तो तारेच्या कापलेल्या टोकातून येत होता. वर छपराच्या आकड्याजवळ उन्हाने ड्रॉप वायरचं प्लास्टिक कडक होऊन तडकलं होतं. तिथून पाणी आवरणाच्या आत शिरून तांब्याला धरून खाली उतरत होतं आणि पेटीत टोकाशी बाहेर पडत होतं. अशा वायरीला खाली वळसा देऊनही उपयोग नाही, कारण वरून पाण्याचा दाब असला की ते आतल्या आत वळसा चढून जातं. त्या घरी वायरच बदलावी लागली.

अशी तार ओळखायची असेल तर टोकापासून चार बोटं आवरण सोला. तांबं लालसर चकचकीत असायला हवं. काळं पडलेलं असेल तर आत पाणी फिरलंय. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. हातभर कापूनही काळंच निघत असेल तर त्या वायरीवर कुठलाच जोड टिकणार नाही, तिचा मोह सोडा.

तिसरी वाट भिंतीतून. आमच्याकडच्या जांभ्याच्या भिंती पाणी पितात. गिलावा नसलेली पश्चिमेची भिंत श्रावणात हाताला गार आणि ओली लागते. अशा भिंतीला पेटी पाठ टेकवून बसवली की स्क्रूच्या भोकांतून ओल आत चढते. पेटीमागे पीव्हीसीचे दोन तुकडे घालून बोटभर अंतर ठेवा, म्हणजे मागून वाराही खेळतो आणि ओघळही सुटतो.

चौथी गोष्ट वाट नाही, पण पाणी तिच्यामुळेही होतं. घट्ट बंद पेटी दुपारच्या उन्हात तापते, आतली हवा फुगून फटीतून बाहेर जाते. मग सर येते, पेटी एकदम गार होते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. तिच्यातली वाफ झाकणाला आतून थेंब होऊन धरते. रोज थोडं थोडं पाणी आत येतं आणि बाहेर जायला वाट नसते. आयपी ६५ किंवा ६६ लिहिलेली पेटी धुळीला आणि पाण्याच्या फवाऱ्याला अडवते, ते खरं आहे. पण तिच्या तळाशी निचऱ्याचं भोक नसेल तर भाद्रपदापर्यंत तिच्या तळात पाणी साठलेलं सापडतं.

एकच स्क्रू हिरवा का होतो

गंजलेलं रोझेट उघडून पाहिलंत तर दोन स्क्रूंपैकी एकावर हिरवी पूड जास्त दिसेल आणि त्याच बाजूची तार बोट लावताच तुटेल. ती पूड म्हणजे तांब्याचे क्षार. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं, त्यामुळे एक तार जमिनीच्या पातळीला आणि दुसरी उणे ४८ व्होल्टला असते. ही उलटी वाटणारी रचना मुद्दाम केलेली आहे. जमिनीपेक्षा ऋण असलेली तार ओल्या मातीत विरघळत नाही, त्यामुळे जमिनीखालच्या केबली जास्त टिकतात.

पेटीत मात्र या दोन तारा एकमेकींपासून अर्ध्या इंचावर असतात. मध्ये पाण्याचा पडदा आला की त्यातून प्रवाह वाहतो आणि जी तार तुलनेने धन असते तिचं तांबं विरघळायला लागतं. किनाऱ्यालगत हवेतलं मीठ त्या पाण्यात उतरतं, मग हे काम कैक पटींनी वेगाने होतं. दिवसरात्र ४८ व्होल्ट असतंच, तुम्ही फोन वापरा की नका वापरू. म्हणून महिनाभर बंद असलेल्या घरातला फोनही परत आल्यावर डेड सापडतो.

यातून कळतं की जोड सुकवून आणि घासून फक्त वेळ मिळतो. तांब्यापर्यंत पाणी पोचूच नये अशी सोय हवी.

काय वापरू नये

काळी पीव्हीसी टेप भर पावसाच्या जागी एकटी वापरू नका. उन्हात तिचा डिंक पातळ होतो, टोक सुटतं, आणि आत शिरलेलं पाणी तीच टेप धरून ठेवते. बाहेर कोरडं आणि टेपखाली ओलं, असे जोड मी सर्वांत जास्त सोडवले आहेत.

सिलिकॉन घेताना ट्यूब उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते तांब्याजवळ नको. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल निघतं आणि ते तांबं खातं. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागा. आणि तेही जोडावर थापायचं नाही, भिंतीतल्या भोकाभोवती आणि पेटीच्या वरच्या कडेला लावायचं. खालची कड मोकळी ठेवा.

एम-सीलसारखी पुट्टी भिंतीचं भोक बुजवायला उत्तम. जोडावर लावली तर पुढच्या वेळी छिन्नी घेऊन बसावं लागतं. गरम गोंदाच्या कांड्या उन्हात भिंतीवरून सुटतात.

दुधाची पिशवी उलटी करून पेटीवर बांधलेली गावोगाव दिसते. खालून दोरा आवळून बांधली की आत घाम धरतो आणि पेटी कायम ओली राहते. त्यापेक्षा पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती छत्रीसारखी वर अडकवणं खरंच चांगलं, कारण ती खालून उघडी असते. ऐन पावसात तात्पुरती सोय म्हणून ती करा.

आता प्रत्यक्ष काम

सगळ्यांत पक्का उपाय म्हणजे भिंतीबाहेर जोडच ठेवू नका. ड्रॉप वायर अखंड घरात आणा आणि रोझेट आतल्या कोरड्या भिंतीला लावा. लाईनमन वायर टाकत असताना हे सांगितलं तर त्याला फार तर चार-सहा फूट वायर जास्त लागते. नव्याने वायर पडतेय अशी संधी आली तर ती सोडू नका.

जोड बाहेर ठेवणं भागच असेल तर जागा बदला. पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीवरून पेटी पडवीत घ्या, नाहीतर वळचणीखाली पूर्वेच्या अंगाला. ते जमत नसेल तर मग पेटी आहे तिथेच ठेवून पुढचं करा.

जोडासाठी जेलीचे कनेक्टर वापरा. लाईनमन त्यांना युवाय म्हणतात. टेलिफोनच्या किंवा नेटवर्किंगच्या सामानाच्या दुकानात पुडीने मिळतात आणि स्वस्त असतात. पारदर्शक प्लास्टिकची छोटी डबी, वर पिवळी टोपी, आत धातूची पट्टी आणि जेली. तार सोलायची नसते. दोन्ही तारांची टोकं सरळ कापायची, आवरणासकट भोकांत घालायची, पारदर्शक बाजूने टोकं शेवटपर्यंत पोचलेली दिसली की पक्कडीने टोपी सपाट होईपर्यंत दाबायची. पट्टी आवरण चिरून तांब्याला धरते आणि जेली तांब्याभोवती पसरून बाहेर डोकावते. ती पुसू नका, तीच पाणी अडवते. मग दोन्ही तारा हलकेच ओढून बघा. एकदा दाबलेला कनेक्टर पुन्हा वापरता येत नाही.

एक काळजी घ्या. हे कनेक्टर बारीक तारेसाठी असतात. तुमची ड्रॉप वायर जाड आवरणाची किंवा आत पोलाद असलेली असेल तर पट्टी नीट चिरत नाही. दुकानात जाताना वायरीचा वीतभर तुकडा खिशात ठेवा आणि त्याला बसणारा मोठा कनेक्टर मागा.

तोही मिळाला नाही आणि स्क्रूचं रोझेटच वापरायचं असेल, तर स्क्रू आणि वॉशर पितळेचे घ्या. लोखंडी स्क्रू समुद्राच्या हवेत एका पावसाळ्यात गंजतो. तार बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, स्क्रूभोवती उजव्या अंगाने वळवा म्हणजे आवळताना ती आत ओढली जाते. घट्ट आवळल्यावर वरून सिलिकॉन ग्रीस, ते नसेल तर पेट्रोलियम जेली, भरपूर भरा. दोन स्क्रूंच्या मधली जागाही भरली पाहिजे, कारण पाण्याचा पडदा तिथेच धरतो. ग्रीस आवळल्यानंतर लावा, आधी नाही.

भिंतीवर पेटी नाहीच आणि जोड अधांतरी लोंबतोय, अशा ठिकाणी जेली कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग रबर टेप गुंडाळा. ती चिकटत नाही, ताणून गुंडाळली की स्वतःशीच एकजीव होते. लांबीच्या दुपटीपर्यंत ताणायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा आणि खालून वर जायचं, म्हणजे वेढे नळ्यांच्या छपराप्रमाणे एकावर एक बसतात आणि पाणी फटीत शिरत नाही. तिच्यावर मग काळी टेप गुंडाळा. तिथे ती चालते, उन्हापासून रबर वाचवते.

पेटीच्या तळाला सर्वांत खालच्या कोपऱ्यात पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि आतून मच्छरदाणीचा तुकडा चिकटवा. जाळी नसली तर पहिल्या पावसात मुंग्या अंड्यांसकट आत राहायला येतात आणि त्यांच्यामागे पाल येते. कुंभारमाशी हे भोक मातीने बुजवते, तेव्हा अधूनमधून काडी घालून बघत जा. वायर ज्या भोकातून खालून आत येते तिथे रबरी ग्रोमेट किंवा ग्लँड, म्हणजे तारेभोवती घट्ट बसणारं कडं, बसवा.

सगळं झाल्यावर झारी पुन्हा घ्या. या वेळी वरून सुरू करून पेटी मनसोक्त भिजवा आणि कुणाला तरी फोन कानाला लावून ऐकायला सांगा. मग मोबाईलवरून लँडलाईनला फोन लावून घंटी पाच-सहा वेळा पूर्ण वाजते का बघा. ही घंटीची चाचणी चुकवू नका. बोलण्यात स्वच्छ वाटणारी लाईनही कधीकधी घंटीला दगा देते.

ही सगळी आगोटीची कामं आहेत. कोने परतताना, पन्हळ साफ करताना मे महिन्यातच उरकून घ्या. भर पावसात ओल्या तारा एकत्र करून जेलीत बंद केल्या तर पाणी आतच कोंडतं.

लाईनमनकडून काय करून घ्यायचं

खांब, खांबावरची डीपी, म्हणजे जिथून घराघरांच्या वायरी फुटतात ती पेटी, आणि तिथपासून आलेली ड्रॉप वायर कंपनीची असते. तिथे आपण चढू नये. तक्रार देताना "फोन खराब आहे" एवढंच सांगू नका. "पावसात खरखर येते, रोझेटवर थेट फोन लावूनही येते, पावसात दाब इतक्या व्होल्टने उतरतो" असं सांगा. मग माणूस घरातला फोन बदलून बघण्यात वेळ घालवत नाही, सरळ डीपी उघडतो. आळीतल्या तीन-चार घरांना एकाच वेळी खरखर येत असेल तर दोष डीपीत किंवा त्याच्या मागच्या केबलमध्ये आहे. तेव्हा सगळ्यांनी मिळून, एकाच दिवशी, प्रत्येकाने आपल्या नंबरची तक्रार द्यावी.

लाईनमनशी भांडण्यात अर्थ नसतो. त्याच्याकडे बहुतेक वेळा टेप आणि पक्कड याशिवाय काही नसतं आणि त्याच्या वाट्याला आलेल्या खांबांना गणती नाही. जेलीचे चार कनेक्टर घरात आणून ठेवा आणि तो आला की हातात द्या. "काका, पीळ नको, हे लावा ना," म्हटलं की बहुतेक जण आनंदाने लावतात. डीपीकडच्या टोकालाही दोन लावायला सांगा.

लाईट गेल्यावर आणि वीज पडल्यावर

जुन्या घरांत रोझेटशेजारी विजेपासून बचावाची छोटी पेटी असते, तिच्यातून एक तार जमिनीत गेलेली असते. जवळ वीज पडून गेली की आतली गॅस भरलेली छोटी नळी कधीकधी बिघडते आणि त्यातून जमिनीकडे कायमची गळती सुरू होते. गुणगुण आहे, जोड सगळे स्वच्छ आहेत आणि तरीही कारण सापडत नाही, असं झालं तर ती नळी काढून ऐकून बघा. आवाज गेला तर नवी नळी बसवा. ती कायमची काढून ठेवू नका. आणि तिची जमिनीची तार शाबूत आहे का तेही बघा, कारण सड्यावरच्या घरांत अर्थिंगचा गज कातळात नुसता टेकवलेला असतो आणि त्याचा उपयोग होत नाही.

ज्यांच्याकडे आता फायबर आलंय त्यांना तांब्याच्या गंजाची चिंता उरली नाही. पण फायबरची वायरही खालून वळसा देऊनच घरात घ्या, नाहीतर तिच्या अंगावरून ओघळलेलं पाणी थेट मॉडेमच्या पेटीपर्यंत येतं. फायबरला वळसा देताना तो ताटलीएवढा मोठा ठेवा. कचकन मोडला तर प्रकाश गळतो आणि मॉडेमवर लाल दिवा लागतो. आणि लाईट गेली की त्यावरचा फोनही जातो, तेव्हा छोटा यूपीएस लावून घ्या. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालतो. वादळात तीन दिवस लाईट नसताना मोबाईलचे टॉवर बसले तरी तो बऱ्याचदा चालू राहतो, आणि घरात म्हातारी माणसं एकटी असतील तर तेवढ्यासाठी तरी हा जोड नीट करून ठेवावा.